इंग्रजी लिहिताना प्रिपोझिशन पुन्हा पुन्हा चुकतंय? या क्रमाने तपासा

लक्षणं

खाली दिलेल्यांपैकी दोन-तीन वाक्यं तुमच्या मेलमध्ये किंवा अर्जात सापडत असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- 'वी विल डिस्कस अबाउट धिस टुमॉरो' असं लिहिता आणि त्यात काही खटकत नाही.
- 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इअर्स.'
- 'प्लीज सेंड द फाइल टिल फ्रायडे.'
- 'शी इज मॅरिड विथ अ डॉक्टर', 'ही इज गुड इन मॅथ्स', 'सोल्यूशन ऑन धिस प्रॉब्लेम'.
- मेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'.
- जिथे हवं तिथे नेमकं गळतं: 'प्लीज एक्सप्लेन मी', 'लिसन म्युझिक', 'गिव्ह मी अ चेअर टू सिट'.
- गाळलेल्या जागा भरायला दिल्या की सगळं बरोबर येतं, पण स्वतःचं वाक्य लिहायला घेतलं की पुन्हा तेच.

शेवटची तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. नोकरीचे अर्ज, ऑफिसच्या मेल, परदेशी विद्यापीठांसाठी लिहिलेली निवेदनं असं बरंच काही माझ्याकडे तपासायला येतं आणि चुका थक्क व्हावं इतक्या एकसारख्या असतात. लिहिणारा मराठी माध्यमातला असो की इंग्रजी माध्यमातला, साताऱ्याचा असो की नागपूरचा, चुकलेलं इंग्रजी वाक्य वाचून त्याच्या मनात कोणतं मराठी वाक्य होतं ते सांगता येतं. चूक इतकी नियमाने होते, म्हणूनच ती दुरुस्त करता येते.

दोष नेमका कुठे आहे

शाळेत बहुतेकांनी विभक्तीच्या तक्त्याशेजारी इंग्रजी शब्द पाठ केलेले असतात: -ला म्हणजे टू, -ने म्हणजे बाय, -त म्हणजे इन, -वर म्हणजे ऑन, -पासून म्हणजे फ्रॉम. सुरुवातीला या तक्त्याचा आधार होतो, पुढे त्याचाच अडथळा होतो.

जरा आपल्या भाषेकडे बघा. आपण एखाद्या*वर* रागावतो, एखाद्या*शी* भांडतो आणि एखाद्या*ला* घाबरतो. रागावण्याला -वर का आणि भांडण्याला -शी का, याचं कारण आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं. क्रियापद आपला प्रत्यय सोबत घेऊन येतं आणि तो आपल्या कानात बसलेला असतो. इंग्रजीतही तसंच आहे. तिथल्या घाबरण्याला 'ऑफ' लागतो, रागावण्याला माणूस असेल तर 'विथ', लग्नाला 'टू'. म्हणजे प्रिपोझिशन ठरवायचं ते त्याच्या डावीकडच्या शब्दावरून, मनातल्या मराठी प्रत्ययावरून नाही. वेळ आणि जागा सांगताना मात्र उजवीकडे बघायचं. पुढच्या सगळ्या तपासण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

तपासणी १: आधी काढून बघा

ही सगळ्यात सोपी. पैसा लागत नाही, पुस्तक लागत नाही. वाक्यातलं क्रियापद आणि त्याला चिकटलेलं प्रिपोझिशन शोधा, प्रिपोझिशन खोडा आणि वाक्य मोठ्याने वाचा. खाली दिलेल्या क्रियापदांपैकी एखादं असेल तर ते खोडलेलंच ठेवा:

डिस्कस, मेन्शन, डिस्क्राइब, रिक्वेस्ट, ऑर्डर, एम्फसाइज, एन्टर, रीच, आन्सर, कॉन्टॅक्ट, अप्रोच, रिझेम्बल, लॅक, अवेट, ट्रस्ट.

'वी डिस्कस्ड द बजेट.' 'शी एन्टर्ड द रूम.' 'आय रीच्ड पुणे ॲट नाइन.' 'वी ऑर्डर्ड थ्री कॉफीज.' 'आय रिक्वेस्ट थ्री डेज लीव्ह.' मध्ये काहीही नाही.

ही चूक का होते ते समजलं की यादी पाठ करावी लागत नाही. या बहुतेक क्रियापदांची जुळी नामं आहेत आणि त्या *नामांना* प्रिपोझिशन लागतं. 'अ डिस्कशन अबाउट द बजेट' बरोबर आहे, 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर आहे, 'एम्फसिस ऑन क्वालिटी', 'एन्ट्री इन्टू द हॉल', 'ॲन आन्सर टू द क्वेश्चन', 'अ लॅक ऑफ टाइम', 'कॉन्टॅक्ट विथ द क्लायंट' ही सगळी शुद्ध आहेत. आपण ती वर्तमानपत्रात वाचतो, कानाला सवय होते, आणि नामाचं प्रिपोझिशन क्रियापदाला लावून मोकळे होतो. म्हणून खोडण्याआधी एवढंच विचारा: माझ्या वाक्यात हा शब्द नाम म्हणून आलाय की क्रियापद म्हणून? नाम असेल तर राहू दे. क्रियापद असेल तर खोडा. 'आन्सर', 'रिक्वेस्ट', 'ऑर्डर', 'लॅक', 'कॉन्टॅक्ट' यांचं नाम आणि क्रियापद दिसायला सारखंच, त्यामुळे तिथे जरा जास्त थांबा.

काही क्रियापदं प्रिपोझिशनसकटही बरोबर असतात, पण अर्थ दुसरा होतो. 'एन्टर द रूम' म्हणजे खोलीत जाणं आणि 'एन्टर इन्टू ॲन ॲग्रीमेंट' म्हणजे करार करणं. 'अटेंड द मीटिंग' म्हणजे बैठकीला हजर राहणं आणि 'अटेंड टू अ पेशंट' म्हणजे रुग्णाकडे लक्ष देणं. साहेबांनी रजा मंजूर केली तर 'ही अप्रूव्ह्ड माय लीव्ह'. 'अप्रूव्ह ऑफ' म्हणजे एखादी गोष्ट पसंत असणं, आणि साहेबांना तुमची रजा पसंत असेलच असं नाही.

याच तपासणीत 'होम', 'हिअर', 'देअर', 'अब्रॉड' हेही बघून घ्या. यांच्याआधी 'टू' नको: 'गो होम', 'कम हिअर', 'गो अब्रॉड'. 'डिस्पाइट'नंतरचा 'ऑफ' काढा. तो फक्त 'इन स्पाइट ऑफ'मध्ये असतो.

तपासणी २: 'टू'च्या पुढे काय आलंय?

'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' ही मेलच्या शेवटच्या ओळीतली चूक असते, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात शेवटी तीच राहते. इंग्रजीत दोन 'टू' आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येतो, 'आय वॉन्ट टू मीट यू' मधला. दुसरा प्रिपोझिशन आहे, आणि प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं की त्याला आयएनजी लागतं. मग ते प्रिपोझिशन कोणतंही असो.

ओळखायची युक्ती: 'टू'च्या पुढे क्रियापदाऐवजी साधं नाम टाकून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द मीटिंग' चालतं, म्हणजे हा प्रिपोझिशनवाला 'टू', म्हणून 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'आय वॉन्ट टू द मीटिंग' चालत नाही, म्हणून तिथे नुसतं 'मीट'. 'बी यूझ्ड टू', 'ऑब्जेक्ट टू', 'इन ॲडिशन टू', 'विथ अ व्ह्यू टू' हे सगळे प्रिपोझिशनवाल्या जातीचे. 'इंटरेस्टेड इन लर्निंग', 'इन्स्टेड ऑफ गोइंग', 'विदाउट आस्किंग' यांनाही तोच नियम.

तपासणी ३: वार, तारीख, वेळ

मराठीत रविवारी, सकाळी, दुपारी, रात्री, दिवाळीच्या दिवशी, सगळ्यांचा शेवट सारखाच. इंग्रजीत त्याचे तीन तुकडे पडतात आणि आपला कान त्यातला एकही सुचवत नाही. म्हणून इथे नियमच धरून चालायचं.

महाराष्ट्र राज्याची स्थापना घ्या. 'इन १९६०', 'इन मे १९६०', 'ऑन १ मे १९६०'. वर्ष, महिना, ऋतू यांना 'इन'. तारीख किंवा वार आला की 'ऑन'. घड्याळाची वेळ आली की 'ॲट'. मराठीत जिथे 'रोजी' लिहाल तिथे इंग्रजीत डोळे मिटून 'ऑन' लिहा. ही खूण मी सगळ्यांना देते आणि ती कधी फसत नाही. 'इन द मॉर्निंग' असतं, पण सकाळीला वार जोडला की वाराचं चालतं: 'ऑन मंडे मॉर्निंग'. रात्र तेवढी वेगळी: 'ॲट नाइट'.

'लास्ट', 'नेक्स्ट', 'धिस', 'एव्हरी' यांपैकी काही असेल तर तिन्ही गळतात. 'सी यू नेक्स्ट मंडे.' 'ऑन नेक्स्ट मंडे' नाही.

तपासणी ४: '-पासून' आणि '-पर्यंत'

इथे सावकाश वाचा. आतापर्यंतच्या चुकांनी वाचणाऱ्याला फार तर खटकलं असतं. इथल्या चुकांनी त्याचा गैरसमज होतो आणि काम अडतं.

'-पासून'च्या आधी काय आहे ते बघा. आरंभाचा क्षण असेल तर 'सिन्स', कालावधीचं मोजमाप असेल तर 'फॉर'. २०१९ पासून, लग्नापासून, सोमवारपासून: 'सिन्स'. पाच वर्षांपासून, तीन तासांपासून: 'फॉर'. मराठीत दोन्हीला एकच '-पासून' लागतो, म्हणून 'सिन्स फाइव्ह इअर्स' आणि 'फ्रॉम लास्ट फाइव्ह इअर्स' आपल्याला सरळ वाटतात. नुसता 'सिन्स' बदलून दुरुस्ती अर्धीच होते. काम अजून चालू असेल तर क्रियापदही बदलावं लागतं: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इअर्स.' माझ्याकडे परत येणाऱ्या मजकुरात 'फॉर' झालेला असतो आणि 'आय ॲम वर्किंग' तसंच राहिलेलं असतं. दोन्ही एकदम तपासा.

आता '-पर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत थांब' आणि 'शुक्रवारपर्यंत पाठव' यात मराठीला फरक दिसत नाही. इंग्रजीला दिसतो. थांबणं शुक्रवार येईपर्यंत सलग चालू राहतं, म्हणून 'वेट अन्टिल फ्रायडे'. पाठवणं एकदाच होतं, शुक्रवार संपायच्या आत कधीही, म्हणून 'सेंड इट बाय फ्रायडे'. मराठी वाक्यात '-पर्यंत' काढून 'उशिरात उशिरा' घालून बघा. 'उशिरात उशिरा शुक्रवारी पाठव' जमतंय, मग 'बाय'. 'उशिरात उशिरा शुक्रवारी थांब' जमत नाही, मग 'अन्टिल' किंवा 'टिल'. 'सेंड द फाइल टिल फ्रायडे' वाचणाऱ्या परदेशी सहकाऱ्याला वाटू शकतं की शुक्रवार येईपर्यंत रोज फाइल पाठवत राहायची आहे.

सुट्टीच्या मेलमध्ये 'द ऑफिस इज क्लोज्ड अन्टिल मंडे' लिहू नका. सोमवारी उघडं की बंद, हा वाद त्यातून हमखास निघतो. 'द ऑफिस विल रीओपन ऑन मंडे' लिहा, वादच नको. जागेसाठीही 'टिल' टाळा: 'आय वॉक्ड ॲज फार ॲज द स्टेशन'.

दोन दिवसांत आणि दोन दिवसांनी हाही फरक इथेच बघायचा. ग्राहकाला तुम्हाला म्हणायचंय 'दोन दिवसांत फोन करतो', म्हणजे आज किंवा उद्याही करीन. त्याचं 'आय विल कॉल यू इन टू डेज' केलंत तर त्याला कळतं, 'दोन दिवसांनी'. मुदत सांगायची असेल तर 'विदिन टू डेज'. आणि खरंच दोन दिवसांनी करणार असाल तर 'इन टू डेज' बरोबर, 'आफ्टर टू डेज' नाही.

तपासणी ५: एका प्रत्ययाच्या जागी किती येतात

इथून काम वाढतं, कारण आता तक्ता मोडायचा आहे. एक कागद घ्या, वर '-ने' लिहा आणि खाली हे उतरवा:

पेनने लिहिलं: 'विथ अ पेन'. बसने गेलो: 'बाय बस'. माझ्या गाडीने गेलो: 'इन माय कार'. हाताने शिवलेलं: 'सोन बाय हँड'. कर्करोगाने गेले: 'डाइड ऑफ कॅन्सर'. थंडीने कुडकुडत होता: 'शिव्हरिंग विथ कोल्ड'. त्याने सांगितलं: 'ही सेड', प्रिपोझिशनच नाही.

हत्यार किंवा साधन असेल तर 'विथ', प्रवासाचं वाहन असेल तर 'बाय'. 'बाय'नंतर वाहनाचं नाव उघडं हवं. 'माय', 'अ' किंवा 'द' आलं की 'बाय' जातो. 'कट बाय नाइफ' ही चूक इथलीच: सुरी हे हत्यार, म्हणून 'कट विथ अ नाइफ'. आणि पायी जायचं असेल तर 'ऑन फूट'.

'-ला'चा कागद वेगळा करा. 'मला सांग' म्हणजे 'टेल मी', पण 'मला समजावून सांग' म्हणजे 'एक्सप्लेन इट टू मी'. टेल, आस्क, गिव्ह, शो, कॉल, हेल्प यांच्यापुढे माणूस थेट येतो. से, एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, मेन्शन यांना माणसाआधी 'टू' लागतो. 'सजेस्ट मी अ गुड हॉटेल' हे आपल्याकडे इतकं रुळलंय की ते चूक आहे हे ऐकून लोकांना धक्का बसतो. 'कॅन यू सजेस्ट अ गुड हॉटेल' एवढं पुरतं. पुढे: 'पुण्याला गेले' म्हणजे 'टू पुणे', 'पुण्याला राहते' म्हणजे 'इन पुणे', 'पाचला भेटू' म्हणजे 'ॲट फाइव्ह', 'कुत्र्याला घाबरतो' म्हणजे 'अफ्रेड ऑफ डॉग्ज'.

'-वर' हा मराठी माणसाचा सगळ्यात उघड ठसा. यावर उपाय, सर्दीवर औषध, त्याच्यावर विश्वास, तिच्यावर राग. इंग्रजीत ते 'अ सोल्यूशन टू द प्रॉब्लेम', 'मेडिसिन फॉर अ कोल्ड', 'आय ट्रस्ट हिम' आणि 'अँग्री विथ हर'. चारांत एकदाही 'ऑन' नाही. 'इफेक्ट ऑन' आणि 'इम्पॅक्ट ऑन' मात्र जमतात, त्यामुळे परिणामांवर लिहिताना खुशाल 'ऑन' वापरा. स्टेशनवर भेटायचं ते 'ॲट द स्टेशन', झाडावरचा पक्षी 'इन द ट्री'.

बाकीचे झरझर: गणितात हुशार, 'गुड ॲट मॅथ्स'. तिच्याशी लग्न, 'मॅरिड टू हर' किंवा नुसतं 'ही मॅरीड हर'. बसमध्ये आणि ट्रेनमध्ये 'ऑन', गाडीत आणि रिक्षात 'इन'. माझ्यापेक्षा वरिष्ठ, 'सीनिअर टू मी'. सीनिअर, ज्युनिअर, सुपिरिअर, इन्फिरिअर हे शब्द लॅटिनमधून तुलना सोबत घेऊनच आलेत, म्हणून त्यांना 'दॅन' लागत नाही. कॉफीपेक्षा चहा आवडतो, 'आय प्रिफर टी टू कॉफी'.

तपासणी ६: वाक्याच्या टोकाला काही गळलंय का?

'बसायला खुर्ची', 'लिहायला पेन', 'मी राहते ते घर'. या मराठी रचनांत प्रत्यय दिसतच नाही. इंग्रजीत तो शेवटी उभा असतो: 'अ चेअर टू सिट ऑन', 'अ पेन टू राइट विथ', 'द हाउस आय लिव्ह इन', 'हू आर यू टॉकिंग टू?' तपासायचं असं: तुकड्याचं पूर्ण वाक्य करा. 'आय सिट ऑन अ चेअर' यात 'ऑन' आहे, मग तुकड्यातही हवा.

वाक्य प्रिपोझिशनने संपवू नये असं काही शिक्षक अजून सांगतात आणि त्या धाकाने लोक ते गाळतात. ही हरकत जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लिखाणावर घेतली होती. त्याच्या आधीही आणि नंतरही उत्तम इंग्रजी लिहिणारे अशी वाक्यं लिहीत आलेत. बिनधास्त संपवा.

तपासणी ७: कोश उघडा, पण योग्य तो

इथवर येऊनही शंका उरली असेल तर अंदाज बांधू नका. इंग्रजी-मराठी कोश अर्थ सांगतो, पण त्या शब्दाला कोणतं प्रिपोझिशन लागतं हे बहुधा सांगत नाही. त्यासाठी इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हवा. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांचेही ऑनलाइन फुकट बघता येतात. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी १९४२ साली तोक्योत असा कोश काढला आणि पुढे तोच ऑक्सफर्डचा झाला. परक्या भाषेतून आलेल्या माणसाला शब्दाच्या अर्थाइतकीच त्याची वाक्यातली बांधणी कळायला हवी, हे हॉर्नबींनी ओळखलं होतं.

नोंद उघडल्यावर अर्थ वाचून कोश मिटू नका. 'समथिंग' आणि 'समबडी' यांची छोटी रूपं आणि त्यांच्यामधलं ठळक अक्षरातलं प्रिपोझिशन बघा. 'एक्सप्लेन' खाली 'एक्सप्लेन समथिंग टू समबडी' असा साचा मिळेल. वहीत नुसता 'एक्सप्लेन = समजावणे' लिहिण्याऐवजी हा आख्खा साचा उतरवा आणि खाली स्वतःच्या कामातलं एक खरं वाक्य लिहा. गाळलेल्या जागांचा सराव कुचकामी ठरतो तो इथेच: तिथे रिकामी जागा तुम्हाला दिसते, स्वतः लिहिताना ती कोणी दाखवत नाही. साचा लक्षात असेल तर जागा आपोआप भरते.

आणखी खात्री हवी असेल तर भाषेचे मोठे साठे आहेत. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत, अमेरिकन इंग्रजीचा कोका हा साठा १०० कोटींच्या वर आहे. दोन पर्याय टाकून कोणता जास्त दिसतो ते बघता येतं. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, ओळी वाचा. 'मॅरिड विथ' शोधलंत तर तेही सापडेल, पण 'मॅरिड विथ टू चिल्ड्रन' अशा वाक्यांत, म्हणजे विवाहित आणि दोन मुलं असलेला. त्या आकड्याच्या भरवशावर 'मॅरिड विथ अ डॉक्टर' लिहिलंत तर चूक पक्की होईल.

व्याकरण तपासणारी ॲप वापरायला हरकत नाही. 'डिस्कस अबाउट' ती पकडतात. 'इन टू डेज' आणि 'विदिन टू डेज' मात्र दोन्ही व्याकरणात बसतात, आणि तुमच्या मनात कोणतं होतं हे ॲपला कळायला मार्ग नाही. म्हणून चौथी तपासणी त्यांच्यावर सोडू नका.

तपासणी ८: हे मुळात प्रिपोझिशन आहे का?

सगळ्यात चिवट भाग. 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'पिक अप' यांतला छोटा शब्द क्रियापदाचाच तुकडा असतो आणि दोघांचा मिळून नवा अर्थ होतो. इथे डावीकडे-उजवीकडे बघून काही हाती लागत नाही, जोडी एक शब्द म्हणूनच शिकावी लागते. ओळखायची खूण: 'इट' मध्ये बसतं का बघा. 'स्विच इट ऑफ' म्हणतात, 'स्विच ऑफ इट' नाही. खऱ्या प्रिपोझिशनचं उलट: 'लुक ॲट इट', कधीही 'लुक इट ॲट' नाही. आपल्याकडे 'कोप'ला 'अप' जोडायची सवय आहे, ती सोडा. 'कोप विथ' एवढंच.

एक एफचा 'ऑफ' आणि दोन एफचा 'ऑफ' देवनागरीत सारखेच दिसतात, आपण उच्चारतोही सारखेच. त्यामुळे 'गेट ऑफ द बस' लिहिताना एक एफ खाल्ला जातो. काहीतरी सुटतंय, उतरतंय, बंद होतंय, तर दोन एफ.

हे दुरुस्त करू नका

'ॲट द वीकेंड' ब्रिटिश, 'ऑन द वीकेंड' अमेरिकन. 'डिफरंट फ्रॉम' सगळीकडे चालतं. 'डिफरंट टू' ब्रिटनमध्ये आणि 'डिफरंट दॅन' अमेरिकेत ऐकू येतं. या चुका नाहीत, एका मजकुरात एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं. आणि ऑफिसच्या ग्रुपवर कोणी 'लेट्स डिस्कस अबाउट इट' लिहिलं तर सगळ्यांसमोर दुरुस्त करू नका. भारतीय इंग्रजीत ते रोज ऐकू येतं, अर्थ पोहोचलेला असतो, आणि ज्याला टोकलं तो पुढच्या वेळी इंग्रजीत लिहायचंच टाळतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

करार, टेंडर, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार. यात 'बाय', 'अन्टिल', 'विदिन', 'फ्रॉम' यांवर मुदत आणि पैसा ठरतो. स्वतः कितीही तपासलं असलं तरी वकिलाच्या नजरेखालून घाला. औषध घ्यायच्या किंवा यंत्र चालवायच्या सूचनांचं भाषांतर असेल तर त्या विषयातला व्यावसायिक अनुवादक गाठा.

आयईएलटीएससारखी इंग्रजीची परीक्षा असेल तर एवढं लक्षात घ्या: तिथल्या लेखनाचे गुण चार निकषांवर समान वाटलेले असतात आणि व्याकरण हा त्यातला एक. पहिल्या पाच तपासण्या अंगवळणी पडूनही गुण अडत असतील तर दोष बहुधा उरलेल्या तीन निकषांत आहे. तेव्हा प्रिपोझिशनच्या आणखी याद्या पाठ न करता, तुमचे स्वतःचे निबंध वाचून खुणा करून देईल असा शिक्षक शोधा. नुसते व्हिडिओ दाखवणाऱ्या क्लासवर पैसे घालवू नका. शोधनिबंध नियतकालिकाकडे जाणार असेल तर शेवटचा हात भाषा-संपादकाचा फिरू दे.

मूल मराठीतही अक्षरं उलटसुलट लिहीत असेल, वाचताना शब्द गाळत असेल, बरोबरीच्या मुलांपेक्षा बरंच मागे पडत असेल, तर प्रिपोझिशनचा विषय बाजूला ठेवा. आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. रागावून आणि रट्टा मारायला लावून त्याचं नुकसानच होईल.

मजकूर जाणकाराकडे देताना ज्या ओळींची शंका आहे त्यांच्यासमोर मनातलं मराठी वाक्य लिहून द्या. 'सोमवारपर्यंत' म्हणजे सोमवार धरून की सोडून, 'दोन दिवसांत' की 'दोन दिवसांनी', हे फक्त तुम्हालाच माहीत असतं. त्याच्या हातात नुसतं इंग्रजी दिलंत तर तो व्याकरण शुद्ध करून देईल, पण तारीख चुकीची राहील.